सहा चौकोनांचा कंदील: चौघांत, दोन रविवारांत

कोजागिरीच्या रात्री गच्चीवर दूध आटत असतं, कोणीतरी चारोळ्यांची पुडी शोधत असतं, आणि विषय निघतो: यंदा कंदिलाला कधी बसायचं? पौर्णिमा ते लक्ष्मीपूजनाची अमावास्या, मध्ये पंधरा दिवस. त्यात रविवार सापडतात दोन, नशीब असेल तर तीन. पहिल्या रविवारी सांगाडा, दुसऱ्या रविवारी कागद, हा आमच्या इमारतीतला ठरलेला हिशेब. ज्यांनी जन्मात बांबूच्या कामटीला हात लावला नव्हता अशी माणसंही या दोन बैठकांत स्वतःचा कंदील घेऊन घरी गेली आहेत. तुम्ही त्यांच्यातले असाल तर पुढचं वाचा.

आधी एक सांगतो. एकट्याने बसू नका. सोबतीला माणसं असली की मजा येते हे तर आहेच, पण मुळात कामच तसं आहे. दोन कामट्या धरायला दोन हात, दोरा गुंडाळायला आणखी दोन, आणि कात्री द्यायला पाचवा. पहिल्या वर्षी मी एकटाच बसलो होतो. रात्री अकरापर्यंत दातांनी दोरा ओढून सांगाडा उभा केला, कौतुकाने फोटो काढला, झोपलो. सकाळी तो चटईवर पोळीसारखा सपाट पडला होता. एकही गाठ सुटली नव्हती. असं का झालं ते पुढे येईलच, कारण सगळी गोम तिथेच आहे.

चौघं जण बरी. सहाच्या वर गेलात की कंदील राहतो आणि गप्पाच होतात.

कोणता आकार घ्यायचा

चांदणी, विमान, मासा, होडी, काय वाटेल ते करता येतं. पण पहिल्यांदा करणाऱ्याने सरळ आपला नेहमीचा पारंपरिक कंदील घ्यावा. चाळीच्या गॅलरीत सगळ्यांनी पाहिलेला असतो तोच. अनेकांना तो गुंतागुंतीचा वाटतो, कारण तो पुरा झालेला पाहतात. उलगडून पाहिला तर त्यात सारख्या मापाचे सहा चौकोन असतात, बस्स. चार चौकोन कोपऱ्यावर उभे, पतंगासारखे, एकमेकांच्या शेजारी गोलाने. एक चौकोन वर आडवा, एक खाली आडवा. यांच्यामध्ये जे आठ त्रिकोण दिसतात ते वेगळे करावेच लागत नाहीत. चौकोन जोडले की आपोआप तयार होतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा जादू उघडी पडल्यासारखं वाटलं होतं.

माप २० सेंटिमीटर बाजूचं धरू. कंदिलाची उंची साधारण २८ सेंटिमीटर येते आणि मधल्या भागात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ४० सेंटिमीटर. फ्लॅटच्या गॅलरीला हे पुरे. ३० सेंटिमीटर बाजू घेतलीत तर कंदील दारातून बाहेर काढताना तिरका करावा लागेल, आणि हे कागद लावल्यानंतर लक्षात येतं.

सामान

कामट्या हव्यात २४, पण ३० घ्या. काही मोडतात, काहींना नेमकं नको तिथे पेर येतं. प्रत्येक कामटी २१ सेंटिमीटर लांब, साधारण बोटाच्या नखाएवढी रुंद, आणि सगळ्या शक्यतो सारख्या जाडीच्या. याशिवाय ३० सेंटिमीटरची एक जाडसर कामटी वेगळी ठेवा, ती बल्बासाठी. पुण्यात बुरुड आळीत जा. मापाचा कागद हातात दिलात तर बुरूड दादा बसल्या जागी फोडून देतात, आणि त्यांचा हात पाहणं हाच एक कार्यक्रम असतो. गावाकडे टोपल्या-सुपं विकणाऱ्याकडे सांगून ठेवलं की काम होतं. मुंबईकरांनी जमलं तर माहीमच्या कंदील गल्लीत एक फेरी मारावी. विकत घ्यायला नाही, सांधे कसे बांधलेत ते वाकून बघायला.

दोरा गोधडी शिवायचा, जाड, सुती. नायलॉनचा घेऊ नका, गाठ सरकते. पतंगी कागद दोन रंगांचे, शेपट्यांसाठी तिसरा. सोनेरी कागदाची पट्टी. फेविकॉल फक्त गाठींसाठी, कागदाला मैद्याची खळ. पॉलिश पेपर, कात्री, मोजपट्टी, पेन्सिल, सुतळी, होल्डर, वायर, एलईडी बल्ब. हॉट ग्लूची बंदूक बऱ्याच जणांना सुचते. मी ती घरातच ठेवायला सांगतो. तिचा सांधा कडक होतो, पण कंदील वाऱ्यावर झुलायला लागला की तोच तडकतो. दोऱ्याचा सांधा थोडा लवतो म्हणून टिकतो.

थर्माकोल नको. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहेच, शिवाय त्याचे दाणे फेब्रुवारीपर्यंत घरात सापडतात.

पहिला रविवार: चौकोन

आदल्या रात्री कामट्या पाण्यात भिजत घाला. सुकी कामटी बांधताना चिरते. सकाळी पुसून घ्या आणि कडा पॉलिश पेपरने घासा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळे टाळतात, आणि मग दुपारभर बोटातलं कुसळ काढायला सुई आणि चष्मा शोधत बसतात.

प्रत्येक कामटीच्या दोन्ही टोकांपासून अर्ध्या सेंटिमीटरवर पेन्सिलची खूण करा. खुणेपासून खुणेपर्यंत २० सेंटिमीटर. सांधा खुणेवरच आला पाहिजे. चौघांपैकी ज्याला घरात सगळे किचकट म्हणतात त्याला हे काम द्या. एका कामटीत अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर चौकोनात तो दिसत नाही, सहा चौकोन जोडताना शेवटचा कोपरा मात्र दुसऱ्या कोपऱ्याला भेटायलाच तयार होत नाही.

आता दोन कामट्या काटकोनात, खुणेवर खूण ठेवून धरा. दोरा एका तिरक्या दिशेने तीन वेढे, मग दुसऱ्या तिरक्या दिशेने तीन वेढे, वरून पाहिलं तर फुली दिसली पाहिजे. मग दोन्ही कामट्यांच्या मधून एक-दोन आवळते वेढे आणि दुहेरी गाठ. शेवटचे हे वेढेच खरं आवळण्याचं काम करतात. नवे लोक नेमके तेच विसरतात. गाठीवर फेविकॉलचा एक थेंब. दोन कामट्यांचा एक कोपरा, असे चार कोपरे मिळून एक चौकोन. सहा चौकोनांच्या मिळून २४ गाठी होतात, चौघांत वाटल्या तर प्रत्येकी सहा. पहिल्या दोन बिघडतात, तिसरीला हात बसतो, सहाव्या गाठीला माणूस दुसऱ्याला शिकवायला लागतो.

एक बारकावा. कामटीची एक बाजू गुळगुळीत, बांबूच्या सालीची असते, दुसरी खरखरीत. खरखरीत बाजू बाहेर ठेवा. गुळगुळीत सालीवर खळ नीट धरत नाही.

शंकरपाळ्याची भानगड

बांधून झालेला चौकोन हातात घ्या आणि दोन समोरासमोरचे कोपरे हलके दाबा. त्याचा शंकरपाळा होतो. गाठ कितीही पक्की असली तरी होतो, कारण चौकोन हा आकारच मवाळ. चारही बाजूंची लांबी न बदलता तो पडू शकतो. त्रिकोण मात्र हट्टी असतो, बाजू मोडल्याशिवाय तो हलत नाही. माझा पहिला सांगाडा रात्रीत झोपला तो यामुळे. कंदिलात आठ त्रिकोण असूनही सहा चौकोन मोकळे राहिले तर सगळा डोलारा आपल्या आपण मिटतो.

त्यावर उपाय साधा आहे. प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा, सारखे करा. २० सेंटिमीटरच्या चौकोनाचा कर्ण २८ सेंटिमीटरच्या किंचित वर येतो. मग दोन्ही कर्णांवरून दोरा ताणून बांधा, म्हणजे चौकोनात दोऱ्याची फुली. एकाच कर्णावर दोरा बांधलात तर उपयोग नाही, कारण दोरा ओढ सहन करतो, दाब नाही. दोन्ही असले की एक ओढला जातो तेव्हा दुसरा सैल पडतो आणि चौकोन जागचा हलत नाही. एक माणूस चौकोन दाबून बरोबर धरतो, दुसरा दोरा बांधतो. एकट्याला जमत नाही म्हणालो ते हेच काम.

पाच चौकोनांना अशी फुली. सहावा, म्हणजे वरचा, त्याला फुलीऐवजी ती ३० सेंटिमीटरची कामटी कर्णावर तिरकी बांधायची. कामटी ओढही सहन करते आणि दाबही, त्यामुळे ती एकटीच पुरते. बल्ब याच कामटीला टांगायचा आहे.

जोडणी

चहा घ्या. हा टप्पा घाईचा नाही.

चार चौकोन कोपऱ्यावर उभे करा आणि शेजारच्याचा बाजूचा कोपरा बाजूच्या कोपऱ्याला बांधा. चौथा परत पहिल्याला. झाला गोल. तो आत-बाहेर कलंडत राहतो, घाबरू नका, दोघांनी नुसतं धरून बसायचं. आता वरच्या दिशेला चार टोकं दिसतील. त्यावर बल्बाच्या कामटीचा चौकोन आडवा ठेवा. त्याचे चार कोपरे त्या चार टोकांवर बरोबर येतात. बांधा. सगळं उलटं करा आणि शेवटचा चौकोन तसाच. चार, चार आणि चार, मिळून १२ सांधे.

शेवटचा सांधा बांधला की सांगाडा एकदम ताठ होतो. आतापर्यंत हातात लोळणारी वस्तू अचानक वस्तूसारखी वागायला लागते. या क्षणाला आमच्याकडे कोणी ना कोणी टाळ्या वाजवतंच. बाहेर आलेली टोकं कात्रीने छाटा आणि सांगाडा पंख्याखाली रात्रभर वाळू द्या. मग पुढच्या रविवारपर्यंत कपाटावर. मांजर असेल तर कपाटात.

दुसरा रविवार: कागद

या दिवशी दोन नियम. पंखा बंद, आणि काम संपेपर्यंत चिवडा नाही. पंख्याने पतंगी कागदाचे काय हाल होतात ते सांगायला नको. चिवड्याचं बोट लागलं तर कागदावर तेलाचा पारदर्शक डाग उठतो, आणि दिवा लावल्यावर सगळ्या कंदिलात तेवढाच चमकतो. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वीच्या एका कंदिलावर अंगठ्याचा ठसा आला होता. कोणाचा ते त्या आकारावरून सगळ्यांना कळलं.

खळ सकाळीच करून ठेवा. दोन मोठे चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, त्यात कपभर पाणी घाला, मंद आचेवर ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसायला लागली की उतरवा. गार झाली की आणखी घट्ट होते, म्हणून पातळ असतानाच थांबा. पूर्वी खळीत झुरळं येऊ नयेत म्हणून मोरचूद घालत. घरात मुलं असताना नको, ते विषारी आहे. दोन दिवसांत संपवा, उरली तर टाकून द्या.

रंग निवडताना कागद उजेडासमोर धरून बघा, मोबाइलचा दिवा पुरतो. दुकानात सुंदर दिसणारा गडद निळा पिवळसर बल्बासमोर काळपट होतो. केशरी, पिवळा, लाल, गुलाबी खुलतात. चौकोनांना एक रंग, त्रिकोणांना दुसरा, एवढंच पुरे. प्रत्येक बाजूला वेगळा रंग हा मोह पहिल्या वर्षी सगळ्यांना होतो. करून बघा हवं तर.

कागद मोजपट्टीने कापू नका. आपले चौकोन कागदोपत्री २० सेंटिमीटरचे आहेत, खरे नाहीत. सांगाड्याची एकेक बाजू कागदावर टेकवा, पेन्सिलने आखा, सगळीकडून एक सेंटिमीटर जास्त ठेवून कापा आणि मागे नंबर घाला. आधी आठ त्रिकोण चिकटवा, मग बाजूचे चार चौकोन, म्हणजे चौकोनांच्या कडा त्रिकोणांच्या कडा झाकतात. वरचा आणि खालचा चौकोन उघडेच ठेवायचे. उष्णता वरून निघून जाते आणि खालून उजेड उंबऱ्यावर पडतो.

खळ कामटीला लावायची, कागदाला नाही. ओला झालेला पतंगी कागद हातातच फाटतो, आणि रंग सुटून बोटं होळीसारखी होतात. कागद फार ताणूही नका. दोऱ्याची फुली कागदामागे गेली की दिवा लागल्यावर तिची पुसटशी रेघ दिसते. काही जण त्यावरून नाराज होतात. मला ती आवडते. फारच खटकत असेल तर पांढऱ्या कागदाची चार घड्या घालून जाळी कापा आणि चौकोनाच्या मधोमध लावा, रेघ तिच्यात हरवते.

शेवटी सगळ्या कडांवरून सोनेरी पट्टी. आपले सगळे वाकडे काप, खळीचे ओघळ आणि भांडणं तिच्याखाली जातात.

शेपट्या मुलांना द्या

लहान मुलांना कामट्या आणि धारदार वस्तू नकोत, पण त्यांना नुसतं बघायलाही बसवू नका. शेपट्या आणि झिरमिळ्या हे त्यांचं खातं. साठ सेंटिमीटर लांबीच्या कागदाची गुंडाळीसारखी घडी करायची, एका कडेला तीन बोटं जागा सोडून बाकी उभे काप द्यायचे, घडी उलगडून हलवायची. खालच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार शेपट्या, आणि मधल्या चार सांध्यांना लहान झिरमिळ्या. काप वाकडे गेले तर वाऱ्यावर उलट जास्त छान हलतात, त्यामुळे इथे दुरुस्ती करायला जाऊ नका. शेजारच्या आजींनाही हेच काम आवडतं असं आमच्याकडे दिसून आलंय.

दिवा आणि टांगणी

बल्ब एलईडी, पाच ते नऊ वॉटचा, पिवळसर उजेडाचा. जुन्या साठ वॉटच्या बल्बाने कागद करपायचा आणि त्या वासासकट दिवाळी साजरी व्हायची. आता ते धाडस नको. पणती किंवा मेणबत्ती आत ठेवायचा विचारही नको. पूर्वी कार्तिकात उंच काठीवर आकाशदीप लावत, त्यात खरी ज्योत असे, पण त्यांच्याभोवती फ्लॅटचे पडदे नव्हते.

होल्डर वरच्या तिरक्या कामटीच्या मधोमध बांधा, बल्बाचं तोंड खाली. तो कागदाला कुठेच टेकता कामा नये. वरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार सारख्या लांबीच्या सुतळ्या बांधून वर एका गाठीत आणा. कंदिलाचं वजन सुतळीवर असू दे, वायर सैल. वायरवर टांगलेला कंदील पहिल्या वाऱ्यात होल्डर उचकटतो. जोडणी उघड्यावर असेल तर जाणत्या माणसाकडून करून घ्या, आणि प्लग पावसापासून आत ठेवा. परतीचा पाऊस दिवाळीचं पंचांग बघून येत नाही. हुकाला एक छोटी कप्पी लावलीत तर ढग आले की कंदील झरकन उतरवता येतो. चाळीत वाढलेल्यांना ही कप्पी वेगळी सांगावी लागत नाही.

वसुबारसेच्या संध्याकाळी लावा, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहू द्या.

बांबू मिळत नसेल तर

परदेशातल्या आपल्या मंडळींचा हा नेहमीचा प्रश्न. सुपरमार्केटात बार्बेक्यूच्या बांबूच्या काड्या मिळतात, बहुधा ३० सेंटिमीटरच्या. टोकं छाटून त्या अर्ध्या करा, १४ सेंटिमीटर बाजूचा छोटा, खिडकीत टांगायचा कंदील होतो. काडी गोल असल्याने सांधा फिरतो, म्हणून वेढे दुप्पट घ्या. पतंगी कागद नसेल तर भेटवस्तू गुंडाळायचा पातळ टिश्यू चालतो, खळ मात्र आणखी पातळ हवी. तिथे दिवाळीत बाहेर थंडी आणि आत हीटर. कंदील हीटरच्या वर टांगू नका.

हे सगळं फारच वाटलं तर चांदणी करा. पाच लांब कामट्यांची एक सपाट चांदणी, तशीच दुसरी, दोन्हींची पाच टोकं एकमेकांना बांधायची आणि आतल्या पाच सांध्यांमध्ये पाच छोट्या कामट्या उभ्या सारून पोट फुगवायचं. अर्ध्या दिवसाचं काम. वसईत आणि गोव्यात नाताळात दारोदार तारे लागतात त्यांचा सांगाडाही असाच बांधता येतो. दिवाळीत केलेली चांदणी डिसेंबरात तिकडच्या मित्राच्या दारात सहज शोभते, फक्त कागद नवा लावा.

कागदाचं आयुष्य तेवढंच. त्रिपुरी पौर्णिमेनंतर ओल्या फडक्याने कडा पुसल्या की खळ सुटते आणि कागद अलगद निघतो. सांगाडा मात्र टाकू नका. दोरे तपासा, सैल फुली पुन्हा आवळा, आणि माळ्यावर टांगून ठेवा. खाली ठेवलात तर त्यावर बॅगा येतात. आमचा सध्याचा सांगाडा पाचव्या दिवाळीला आलाय. त्याच्या तिरक्या कामटीवर आतल्या बाजूने दर वर्षी बसणाऱ्यांची नावं बॉलपेनने लिहिलेली आहेत. गेल्या वर्षी एक नाव खाडाखोड करून पुन्हा लिहावं लागलं, लग्न होऊन सांगलीला गेलेली मुलगी दुसऱ्या रविवारी अचानक आली म्हणून. कामटीवर आता दोनच नावांची जागा उरलीये.